पानाचं देवक, फुलाचं देवक

गोपाल तीन महिन्यांचा झाला तरी दिव्याकडे बघेना, तेव्हा विद्यावतीला पहिली शंका आली. शंका घेणं हा तिचा धंदाच होता. पुण्याला राहून ती जीवशास्त्राची पदवी घेऊन आली होती आणि मॉरिशसमध्ये रोझ बेलजवळच्या एका शाळेत मुलांना बेडकाचं हृदय नि जास्वंदीचे पुंकेसर शिकवत होती. गोपाल तिच्या थोरल्या भावाचा, जयदेवचा मुलगा. त्याचं नाक सारखं चोंदलेलं असे, दूध पिताना तो धापा टाकी. रंग असा पांढुरका, की शेजारच्या बाया म्हणत, "केवढा गोरा निघाला, साखर कारखान्याच्या साहेबावर गेला की काय!"

विद्यावतीने त्याची खालची पापणी ओढून पाहिली. जिथं लाल असायला हवं तिथं फिकट गुलाबीसुद्धा नव्हतं. पोटाच्या डाव्या अंगाला, बरगड्यांच्या खाली, बोटांना काहीतरी टणक लागलं.

"वहिनी, याला इस्पितळात न्यायला हवं."

"सासूबाई म्हणतात, ओव्याची धुरी द्या, नाक मोकळं होईल," इंद्राणी म्हणाली.

"देऊ की धुरी. इस्पितळातून आल्यावर."

इंद्राणी हसली नाही. तिनेही बहुधा बरंच आधी पाहिलं होतं आणि कुणीतरी दुसऱ्याने म्हणावं याची वाट बघत होती.

इस्पितळातल्या डॉक्टर लिम यांनी रक्त तपासलं, एक्स-रे काढले आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांना बोलावलं. जयदेव, इंद्राणी, जयदेवचे वडील तुळसीराम आणि विद्यावती असे चौघे गेले. डॉक्टरांनी आधी दुसऱ्याच कुणा बाळाचा एक्स-रे उजेडावर धरला. निरोगी लांब हाड त्यात नळीसारखं दिसत होतं. कडा पांढऱ्या, मधली पोकळी करडी. मग त्यांनी गोपालचा धरला. गोपालच्या मांडीच्या हाडात पोकळी नव्हतीच. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच पांढरा रंग, फळ्यावर लिहायच्या खडूसारखा.

"हाड म्हणजे काही घर नव्हे, एकदा बांधलं की झालं," डॉक्टर बेटावरच्या क्रिओल बोलीत सावकाश सांगू लागले. "ते रोज थोडं मोडावं लागतं आणि थोडं बांधावं लागतं. मोडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. तुमच्या बाळाच्या मोडणाऱ्या पेशी कामच करत नाहीत. बांधणाऱ्यांचं मात्र चालूच आहे."

पुढचं ते एकेक करून सांगत गेले. हाडाच्या पोकळीत मज्जा असते, मज्जेत रक्त तयार होतं. पोकळीच बुजली तर रक्त कुठं होणार? मग ते काम पाणथरी, म्हणजे प्लीहा, आणि यकृत आपल्या अंगावर घेतात आणि सुजतात. विद्यावतीच्या बोटांना लागली ती पाणथरी. कवटीला भोकं असतात, त्यांतून डोळ्यांच्या नसा बाहेर येतात. ती भोकंही आतून लहान होत चालली होती, म्हणून दिवा दिसत नव्हता. आणि इतकं भरीव असूनही ते हाड मजबूत नव्हतं. दगडासारखं घट्ट, आणि दगडासारखंच तडकणारं. या रोगाला ऑस्टिओपेट्रोसिस म्हणतात. आपल्या सगळ्या नोकरीत आपण हा पहिल्यांदा पाहतो आहोत, असंही ते म्हणाले.

"औषध?" जयदेवने विचारलं.

"रक्त देत राहायचं. ताप आला की लगेच आणायचं. युरोपात अलीकडे सख्ख्या भावंडाची मज्जा घालून बघताहेत. जुळली तर काही मुलं तगतात."

"त्याला भावंड नाही."

"ठाऊक आहे. आणि पुढचं मूल होऊ द्यायचं तर हेही ठाऊक असू द्या, की दर वेळी चारात एक शक्यता अशाच बाळाची. हा दोष आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. एकाकडूनच आला तर काही होत नाही, कळतही नाही." डॉक्टरांनी चष्मा पुसला. "तुम्ही दोघं नात्यातले आहात का?"

उत्तर तुळसीरामनी दिलं. ते पंचायत कचेरीतून निवृत्त झालेले, बोलताना सदऱ्याचं बटण लावून घेत. "मुळीच नाही, डॉक्टर. आम्ही राघोजी, हे भिवाजी. आम्ही दक्षिणेत रोझ बेलचे, हे उत्तरेत गुडलँड्सचे. आमचं देवकसुद्धा निराळं."

डॉक्टरांनी मान हलवली. देवक म्हणजे काय हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. मॉरिशसच्या मराठ्यांना मात्र ते लहानपणापासून कळतं. लग्नाच्या मांडवात प्रत्येक घराणं आपापल्या झाडाची डहाळी बांधतं. ते त्या घराण्याचं देवक. एका देवकाची माणसं एकमेकांची भाऊबहीण. त्यांच्यात सोयरीक होत नाही, मग आडनावं काही असोत.

परतीच्या बसमध्ये विद्यावती खिडकीशी बसली आणि उसाची शेतं मागं पडत असताना तिच्या डोक्यात डॉक्टरांचा प्रश्न घोळत राहिला. इतका दुर्मीळ दोष दोन माणसांमध्ये एकाच वेळी कुठून येतो? एका ठिकाणाहून येतो. योगायोगही असेल, पण शास्त्राच्या विद्यार्थ्याने आधी साधं कारण तपासावं आणि मग योगायोगाकडे जावं.

यात तिचाही एक स्वार्थ होता. दोन वर्षांपूर्वी जयदेव-इंद्राणीच्या लग्नातच ठरून गेलं होतं, की विद्यावती शिकून आली की ती इंद्राणीच्या भावाला, इंद्रदेवला द्यायची. साटंलोटं. इकडची तिकडे, तिकडची इकडे, हुंड्याची भाषा नाही, मानपानाची कटकट नाही. ऊसतोड संपली की तारीख काढायची होती. आणि विद्यावतीला हे लग्न कुणी लादलं नव्हतं. इंद्रदेव तिला आवडत होता.

आडनावाचा पुरावा तिने बसमधून उतरायच्या आतच बाद केला. हिंदुस्थानातून मजुरीला येऊन बोटीवरून जो उतरला त्याचंच नाव पुढं त्याच्या पोराबाळांचं आडनाव झालं, हे बेटावर कुणाला ठाऊक नाही? राघोजी हे तिच्या पणजोबांचं स्वतःचं नाव. म्हणजे आडनावाला बोटीपलीकडचं काही सांगता येत नव्हतं. उरलं देवक. राघोजींच्या मांडवात अकासियेची डहाळी लागते, भिवाजींच्या मांडवात बदामियेची, म्हणजे जंगली बदामाची. पण अकासिया हे अमेरिकेतलं झाड. पुण्यात ती असताना त्याला सुबाभूळ म्हणत आणि ते नव्याने आलेलं झाड म्हणून लावत. कोकणातल्या खेड्यातून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी निघालेल्या माणसाचं देवक अमेरिकेचं झाड कसं असेल?

तिने हिराआत्यांना विचारलं. हिराआत्या म्हणजे तिच्या आजोबांची धाकटी बहीण, राघोजींची शेवटची मुलगी. वय ऐंशीच्या पुढं, कान तिखट, दात एकही नाही.

"आपलं देवक अकासियाच होतं का हो, आत्या?"

"न्हाय गं. त्ये झाड हितं मिळंना म्हून ह्ये घेतलं. बापूस सांगायचा, मूळचं झाड लय मोठं. फूल चेंडूवानी गोल, केसाळ, पिवळं. मग हितं तसं गोल फूल अकासियाला दिसलं, म्हनलं चला, ह्येच बांधू. देवाला काय, मनातलं कळतं."

"नाव काय त्या झाडाचं?"

"पा कोने," हिराआत्या क्रिओलमध्ये म्हणाल्या, ठाऊक नाही. "तू शिकलीस ना पुन्यात? तूच सांग."

"आणि राघोजीपणजोबा एकटेच आले होते?"

"धाकटा भाऊ व्हता संगं. धाकलू म्हनायचा त्याला बापूस. त्यो वरल्या अंगाच्या, उत्तरंच्या मळ्यावर गेला. एकदा चालत भेटाया आला व्हता म्हनं. मग न्हाय." त्यांनी विद्यावतीकडे निरखून पाहिलं. "लगीन ठरल्यावर पोरी आरसा बघत्यात. तू मेल्या मानसांची चौकशी करतीस."

गोपालला त्या आठवड्यात रक्त द्यायला इस्पितळात ठेवलं होतं. रविवारी इंद्रदेव आला. तो गुडलँड्सच्या एका स्वेटरच्या कारखान्यात विणण्याची यंत्रं दुरुस्त करायचा आणि भाच्याला बघायला दर रविवारी बसेस बदलत बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला यायचा. भाच्याला बघून झालं की बाहेरच्या बाकावर विद्यावतीशेजारी बसायचा. मधे एक माणूस बसेल इतकी जागा सोडून.

"घ्या, मिस," त्याने भाजलेल्या शेंगांचा कागद पुढं केला. "शाळेत पोरांना मारता का अजून?"

"फक्त यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांना." तिने शेंग फोडली. "एक विचारू? तुमच्याकडे देवकाला बदामियेचंच पान का?"

"मांडवाची एवढी घाई?"

"सांग तर."

"आजोबा सांगायचे, खरं झाड दुसरंच. ते इथं नाही. त्याचं पान म्हणे ताटाएवढं, चकचकीत. समुद्राकाठी तसं पान बदामियेचंच, म्हणून ते घेतलं."

विद्यावतीने शेंगा कागदावर ठेवल्या. पुण्यात तिच्या वसतिगृहाच्या फाटकाशी एक कळंब, म्हणजे कदंब, होता. पावसाळ्यात त्याला पिवळी, केसाळ, चेंडूसारखी फुलं यायची आणि पान वहीवर ठेवलं तर वही झाकून जायची. रोझ बेलच्या लोकांनी त्याचं फूल लक्षात ठेवलं, गुडलँड्सच्या लोकांनी पान. दोघांनी आपापल्या आठवणीला जुळेल ते झाड शोधलं आणि एका देवकाची दोन देवकं झाली.

"तुझे पणजोबा एकटे आले होते?" तिने विचारलं.

"थोरला भाऊ होता म्हणतात. दक्षिणेकडे कुठंतरी. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. थोरल्याचं नाव घ्यायचं नाही ना, नुसतं दादा म्हणायचे. मग तो दादाच राहिला." तो तिच्याकडे वळला. "काय झालं?"

तिने सांगितलं. फूल, पान, धाकलू, दादा, सगळं जसं कळलं त्या क्रमाने. कळंबाचं देवक पुष्कळांचं असतं, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हेही सांगितलं. "पण आत गोपाल आहे," ती म्हणाली. "तोच सगळ्यात मोठा पुरावा. ज्या कुणाकडे हा दोष होता, त्याच्या दोन मुलांनी तो बोटीवरून इथं आणला. एक दक्षिणेला गेला, एक उत्तरेला. इतकी वर्षं दोन्ही घरांत तो नुसता हातातून हातात गेला. कुणाला काही झालं नाही, कारण दर वेळी जोडीदाराकडून आलेला दुसरा धागा धड होता."

"दोन धाग्यांचं विणकाम," इंद्रदेव हळूच म्हणाला. "एक तुटला तरी दुसरा ओढून नेतो, कापडाला कळत नाही. दोन्ही एका जागी तुटले तरच भोक पडतं."

"अगदी तसंच."

"आणि तुझ्यामाझ्यात?"

"जयदेवदादा आणि वहिनीत तो नक्की आहे. मग माझ्यात असण्याची शक्यता निम्मी, तुझ्यात निम्मी. दोघांत असण्याची चारात एक. दोघांत असला तर मुलाला होण्याची आणखी चारात एक. सोळात एक."

"हे बघायला काही तपासणी?"

"नाही. मूल झाल्यावरच कळतं."

तो शेंगांची टरफलं एका रांगेत लावत बसला. "सोळात एक म्हणजे पंधरा वेळा काही नाही."

"हो."

"आमच्याकडे सोळा स्वेटरांत एक भोकाचा निघाला तर मालक मला हाकलून देईल. तू काय म्हणतेस?"

"आकडा लहान आहे, मला कळतं. वर्गात कुणी विचारलं असतं तर मी लहानच म्हटलं असतं. पण काल गोपालच्या हातात सुई घालायला शीर सापडत नव्हती, तेव्हा त्याला मी धरलं होतं. मी नाही करणार, इंद्रदेव."

त्याने मान डोलावली. वाद घातला नाही. घातला असता तर कदाचित तिला बरं वाटलं असतं.

"मग घरी सांगू," तो म्हणाला. "देवक एक निघालं, संपलं. कुणी काही बोलणार नाही." आणि हे बोलताबोलताच त्याचा चेहरा बदलला. "थांब. मग ताई आणि भावजी?"

विद्यावती हेच सांगण्यासाठी शब्द शोधत होती. एका देवकाची म्हणजे भाऊबहीण. वडीलधाऱ्यांच्या लेखी चार पिढ्या मधे गेल्या काय आणि दहा गेल्या काय, फरक नाही. रोगाचं कारण पेशींत आहे हे ऐकून तुळसीराम आणि विद्यावतीची आई अनुसयाबाई कशीबशी सावरली होती. देवक एक आहे हे कळलं तर गोपालचा आजार हा आजार राहणार नव्हता, ती शिक्षा ठरणार होती. आणि असल्या शिक्षेची धनीण सुनेलाच ठरवतात.

"ताईला मारून टाकतील बोलून बोलून," इंद्रदेव म्हणाला. "की पू फेर? काय करायचं मग? मीच म्हणतो, मला मुलगी पसंत नाही. फार शिकलेली आहे."

"बस बदलून बदलून दर रविवारी येतोस. कोण विश्वास ठेवेल?"

"भाच्यासाठी येतो."

"भाचा आत आहे. तू बाकावर आहेस."

तो हसला. विद्यावती नको म्हणाली तर पुण्याला कुणीतरी असणार, असं सगळं गाव धरून चालेल. त्याने नको म्हटलं तर साट्यातली फसवणूक म्हणून दोन घरांत वैर येईल, आणि त्याचा चटका पुन्हा इंद्राणीलाच. कुठूनही मोजलं तरी वाट तिच्यावरूनच जात होती. निघताना इंद्रदेव एवढंच म्हणाला, "मला ताईशी बोलू दे."

तो काय बोलला ते विद्यावतीला गोपाल घरी आल्यावर कळलं. इंद्राणी स्वयंपाकघरात वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता तिने विचारलं, "अकासियेचं फूल म्हणे, आणि बदामियेचं पान?"

"वहिनी, मी—"

"यांना सांगू नकोस."

"दादाला काही वाटणार नाही. त्याला मी समजावीन."

"आज नाही वाटणार. गोपालचं काही बरंवाईट झालं म्हणजे त्या दिवशी वाटेल." तिने मूठभर दाणे टोपलीत टाकले. "चारात एक, ते यांना ठाऊक आहे. तेवढं पुरे. पुढचं मूल हवं की नको, त्याला तेवढंच लागतं. देवक नाही लागत."

शास्त्राच्या दृष्टीने वहिनीचं म्हणणं अचूक होतं.

ऊसतोड संपली आणि इंद्राणीचे वडील हरिलाल बायकोला नि मुलाला घेऊन तारीख काढायला आले. पुढच्या खोलीत सगळे बसले. अनुसयाबाईंनी चहा दिला, तुळसीरामनी पंचांग काढलं. गोपाल इंद्राणीच्या मांडीवर होता. त्याच्या कपाळाला आता फुगवटा आला होता आणि बोलणाऱ्याच्या आवाजाकडे तो तोंड वळवायचा, डोळे मात्र भलतीकडे असायचे.

"फेब्रुवारीत दोन मुहूर्त बरे आहेत," तुळसीराम म्हणाले.

"बाबा," इंद्राणी सासऱ्यांना म्हणाली, "साटं नको."

पंचांगावरचं बोट थांबलं.

"काय नको?" हरिलालनी विचारलं.

"साटं. गोपाल हा असा. उद्या इथं काही झालं की त्याचा राग तिकडच्या सुनेवर निघेल. तिकडं काही झालं की माझ्यावर. साट्यात एका घरात रडं झालं की दुसऱ्या घरची चूल विझते. माझ्याच्याने एकच घर सांभाळून होईल."

"दोन वर्षं गप्प होतीस, आज आठवलं?" अनुसयाबाई म्हणाल्या. "माझ्या मुलीचं नाव सगळीकडे झाल्यावर?"

"आज आठवलं, सासूबाई."

"यात भाऊ खूष आहे, मुलगी खूष आहे. तुझंच पोट दुखायला लागलं?"

"हो," इंद्राणी म्हणाली. "माझंच."

जयदेव बायकोकडे बघतच राहिला. हरिलाल काही बोलणार होते, पण मांडीवरच्या मुलाकडे त्यांची नजर गेली आणि त्यांनी चहाचा कप उचलला. त्या खोलीत त्या बाईशी भांडायची कुणाची ताकद नव्हती, आणि हे तिने आधीच गृहीत धरलं होतं.

"तुझं काय म्हणणं?" तुळसीरामनी इंद्रदेवला विचारलं.

"ताई म्हणेल ते."

"आणि तुझं, विद्या?"

विद्यावतीने वहिनीकडे पाहिलं. इंद्राणी गोपालचं टोपरं नीट करत होती. अनुसयाबाईंचा राग आता कितीतरी वर्षं तिच्या वाट्याला राहणार होता. विद्यावती देवकाबद्दल एक वाक्य बोलली तर तो लगेच निघून जाईल आणि त्याच्या जागी दुसरं, जास्त वाईट काहीतरी येईल.

"वहिनीचं मला पटतं," ती म्हणाली.

तुळसीरामनी पंचांग मिटलं. पाहुणे जेवून गेले, कारण जेवण झालेलं होतं. भाताबरोबर दुसरं काही बोलायचं नसल्यामुळे हरिलाल मुलाच्या कारखान्यातल्या लोकरीच्या भावाबद्दल बोलत राहिले आणि जयदेवने त्यांना पुन्हा पुन्हा वाढलं. इंद्राणीला अनुसयाबाईंनी शेवटी वाढलं.

पुढच्या रविवारी इंद्रदेव येईल असं विद्यावतीला वाटलं नव्हतं. तो आला. नेहमीच्या बसने, नेहमीच्या वेळी. इंद्राणी धुणं वाळत घालत होती, म्हणून गोपालला विद्यावतीनेच त्याच्या हातात दिलं. या मुलाला काखेत धरून उचलायचं नाही, बरगड्या तडकू शकतात, एक हात मानेखाली आणि एक मांड्यांखाली घालून सगळं अंग एकदम उचलायचं, हे डॉक्टरांनी घरच्या सगळ्यांना दाखवलं होतं. इंद्रदेवला कुणी दाखवलं नव्हतं.

"असं?" त्याने विचारलं.

"मानेखालचा हात थोडा वर."

"आता?"

"आता बरोबर."

तो मुलाला घेऊन अंगणात गेला आणि उन्हात उभा राहून त्याच्याशी क्रिओलमध्ये काहीबाही बोलू लागला. गोपालने आवाजाकडे तोंड वळवलं. विद्यावती दारातून बघत होती. आल्यापासून इंद्रदेवने तिला मिस म्हटलं नव्हतं, विद्याही म्हटलं नव्हतं. कोणत्याच नावाने हाक मारली नव्हती. तिनेही नाही. थोड्या वेळाने ती आत गेली आणि वहिनीच्या हातातली बादली तिने घेतली.